चांगुणाबाईंचा जबाब

नेवासा
३ फेब्रुवारी १९९८

प्रिय नितीन भाऊजी यांस,
वहिनीचा सप्रेम जयभीम.

आधी खुशाली लिहिते, नाहीतर म्हणाल वहिनीला पत्राची रीत माहीत नाही. आईंचे गुडघे जसे होते तसेच आहेत. तुमचे दादा एसटीत तिकिटं फाडतात, मी अंगणवाडीत पोरांची नाकं पुसते, आणि सम्राट शाळेत जातो असं शाळेचं म्हणणं आहे. बाकी सगळं ठीक.

सव्वीस जानेवारीला तुम्ही सत्कार संपतो न संपतो तोच हार काढून ठेवलात आणि मुंबईच्या गाडीला पळालात. शाल, श्रीफळ, फेटा सगळं इथेच. फेटा सध्या सम्राटच्या डोक्यावर असतो. तुमच्या मागे विहारासमोर तासभर माणसं हलली नाहीत. पोरगा पोलिसात लागला तेव्हा सत्कार केला नाही, दिल्लीच्या खात्यात गेला तेव्हाही राहून गेला, म्हणून यंदा सगळी कसर एकदम काढली, असं गहिनीनाथ भाऊजी सांगत होते. तुमच्या दादांचा हा मित्र म्हणजे मांडव, माईक, फोटोवाला, सगळं एकट्याच्या अंगावर घेतलेला माणूस. त्यांना एक कार्ड टाका, खूश होतील.

तुमचं भाषण निम्म्या वस्तीला कळलं नाही. मला कळलं तसं मी बायकांना सांगितलं, चुकलं असेल तर दुरुस्त करा. तुमचं खातं लाचखाऊंना धरण्यासाठी, पण फार मोठ्या अधिकाऱ्याची नुसती चौकशी सुरू करायची तरी आजवर वर सरकारला विचारावं लागायचं. म्हणजे ज्याच्या घरात चोर बसलाय त्यालाच विचारायचं, आत येऊ का? डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला आणि ती अट गेली. शिवाय तुमच्या सर्वांत वरच्या साहेबांची खुर्ची दोन वर्षं पक्की केली, मधेच कुणी उठवायचं नाही. बरोबर ना?

यावर गहिनीनाथ भाऊजींनी उठून विचारलं होतं, "वरच्या सायबाला दोन वर्सं कोन हालवनार न्हाई, ते झालं. पन नितीनराव, तुमाला?" तुम्ही हसलात. तुम्ही तर राज्याच्या पोलिसातून तिकडे उसने दिलेले, मागितलं की परत जाणारे. लोकांनी त्याच्यावरही टाळ्या वाजवल्या. मलाही तो प्रश्न गमतीचाच वाटला.

आता बनुबाईंचं. त्या तुमच्या केसमधल्या, तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. त्यांच्या पाचटाच्या कोप्या सध्या आपल्याकडेच पडल्यात, ऊसतोडीला आल्यात. 'आपला सायब' आलाय हे ऐकून फडातून तशाच निघाल्या, हात धुवायलाही थांबल्या नाहीत. रात्री आमच्याकडेच जेवल्या. मुकादमानं घरकुलाचा कागद म्हणून अंगठा घेतला होता, आणि घरकुल मागायला गेल्या तर पाथर्डीला साहेब म्हणाला, "आजी, तुम्ही पेट्रोल पंपाच्या मालक आहात, तुम्हाला घरकुल कसं द्यायचं?" भाऊजी, मी हसले आणि मग मला माझीच लाज वाटली. राखीव कोट्यातला पंप त्यांच्या नावावर, आणि गल्ल्यावर कारखान्याच्या चेअरमनचा, काकासाहेबांचा भाचा. त्या म्हणाल्या, "मागल्या साली आमची उसाची ट्रक त्याच पंपावर डिझेल भराया थांबली हुती. मी वर उसावर बसल्याली. मला काय ठाव, खाली माजंच दुकान हाय!"

तीन वर्षं फाईल परवानगीसाठी पडून होती, कारण ज्यांच्या सहीनं पंप वाटला ते दिल्लीतले फार मोठे अधिकारी. निकाल लागला आणि महिन्याभरात तुम्ही कोपीत जाऊन त्यांचा जबाब घेतलात. त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्ट म्हणजे तुम्हीच.

म्हणून तर त्या मंचावर चढल्या. तुमच्यावरून बोटं मोडली, कनवटीची नोट काढली आणि तुमच्या हातात कोंबली. तुम्ही हात मागे घेत होतात, मी पाहिलं. पण आई पुढे झाल्या. "घे रं. म्हाताऱ्या मानसाचा हात मागं लोटू न्हाई." मग काय, घेतलीत आणि खिशात घातलीत. फोटोवाल्यानं नेमका तेवढाच क्षण पकडलाय. चोरून पेढा खाताना सापडलेल्या पोरासारखं तुमचं तोंड झालंय. आईंनी तो फोटो फ्रेम करून घेतला आणि आल्यागेल्याला दाखवतात. गहिनीनाथ भाऊजींनी हौसेनं नगरच्या एका साप्ताहिकात छापूनही आणला. कात्रण सोबत पाठवते.

शेवटचं आणि महत्त्वाचं. संगमनेरहून विचारणा आहे. मुलीचं नाव यशोधरा, तिथल्या कॉलेजात शिकवते. साप्ताहिकातला फोटो बघूनच त्यांनी निरोप धाडला. तेव्हा त्या पेढेखाऊ तोंडाला नावं ठेवू नका. दिवाळीला सुट्टी काढून या.

तुमची वहिनी,
सीमा

* * *

नेवासा
१४ सप्टेंबर १९९८

प्रिय नितीन भाऊजी यांस,
जयभीम.

भंडाऱ्याचं पाणी मानवलं का? पायाला भिंगरी असलेल्या माणसाला कंट्रोल रूममध्ये फोन घेत बसवायचं म्हणजे कठीणच. जेवणाचा डबा लावलात की अजून चहा-बिस्किटावर आहात ते कळवा. इकडे प्रवरा दोनदा दुथडी भरून वाहिली. सम्राटचे पुढचे दोन दात पडले, तरी बडबड कमी नाही. आईंचे गुडघे बरे आहेत. म्हणजे बरे नाहीत, पण आता त्या तक्रार करत नाहीत.

तुमचं दादांना आलेलं पत्र मी वाचलं. त्याचं पुढे लिहितेच.

संगमनेरचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. त्यांनी यशोधरेचं दुसरीकडे जमवलं. निरोप दिला तोही तिसऱ्याच माणसाकडून. मला राग आला नाही असं लिहिणार होते, पण आला. त्यांनी काही वाईट शब्द काढला नाही. "चौकशी मिटू द्या, मग बघू," असं म्हणाले आणि पंधरा दिवसांत साखरपुडा उरकला. त्याच साप्ताहिकानं मेमध्ये तोच फोटो पुन्हा छापला होता, 'तपास अधिकारी फिर्यादीकडून पैसे घेताना', तो त्यांनीही पाहिला असणार. फोटो एकच. नोट घडी केलेली आहे, दहाची की पाचशेची ते दिसत नाही.

पेपरात आणखी एक वाचलं. ऑगस्टात वटहुकूम निघाला, आणि मोठ्या अधिकाऱ्याची चौकशी करायची तर वरून परवानगी हवी, ही अट परत आली. मी ती बातमी दोनदा वाचली, वाटलं जुना पेपर हातात आलाय. पोटातलं मूलसुद्धा नऊ महिने टिकतं हो. तुमच्या भाषणात जे जे होतं त्यातली वरच्या साहेबांची खुर्ची तेवढी राहिली. तुम्हाला परत पाठवायला मात्र कुणाची परवानगी लागली नाही. एक कागद आला, आणि तुम्ही तुमच्या मूळ खात्यात.

बनुबाई मागच्या बाजाराला येऊन गेल्या. तुमच्या जागी जे साहेब आले ते त्यांच्याकडे एकदाही फिरकले नाहीत. फाईल म्हणे परवानगीला गेली. त्या ओट्यावर बसून रडल्या. "माज्या नोटंनं लेकराचं वाटुळं केलं. मी सांगते म्या दिलीच न्हाई." मी म्हटलं, मावशी, फोटो आहे. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आता मी पंपाची मालकीन हाय का न्हाई?" दसऱ्यानंतर त्या पुन्हा तोडीला निघतील. यंदा मुकादम लांब कर्नाटकात नेणार आहे. कुणी जबाबाला बोलवायला आलंच तर घराला कुलूप असेल. त्यांना लांब पाठवा असं मुकादमाला कुणी सांगितलं असेल, ते तुम्हीही ओळखाल.

आता तुमच्या पत्राचं.

तुम्ही लिहिलंत, चौकशीच्या कागदांची प्रत मिळाली. त्यात आईचा जबाब आहे, 'मुलाने पैसे घेतले व खिशात ठेवले' असा. आणि खाली चक्क सही आहे. आईला सही येत नाही, तिचा अंगठा असतो. म्हणजे जबाब बनावट, आणि ही एकच गोष्ट सगळी चौकशी उलटवेल. आईला घेऊन तहसीलला जा, तिला लिहिता-वाचता येत नाही असं प्रतिज्ञापत्र कर, त्यावर तिचा अंगठा घे आणि तीस तारखेच्या आत पाठव.

पत्र वाचून तुमचे दादा हसले. किती महिन्यांनी हसले ते मलाच ठाऊक. "सापडले लेकाचे!" म्हणाले. भूक नाही म्हणणारा माणूस त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला. मी समोर बसून वाढत होते आणि गप्प होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ते जेवत होते.

दुसऱ्या दिवशी ते स्टॅम्पपेपर टाइप करून घेऊन आले. तहसीलला नेण्याआधी घरीच आईंना समजावून सांगू, एकदा अंगठा उमटवून बघू, म्हणून शाईचं पॅडसुद्धा आणलं होतं. "आई, उद्या एका कागदावर अंगठा द्यायचाय," म्हणाले. आईंनी पॅड बाजूला सारलं.

"अंगठा कशाला रं? आता मी अंगठा देत न्हाई कुटंच. रेशनला बी न्हाई. पेन आन."

दादांना चेष्टा वाटली. आईंनी सम्राटची पाटी ओढली आणि लिहिलं. दादा पाटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. चप्पल घालून बाहेर गेले ते डेपोतच जाऊन बसले.

भाऊजी, सही आईंचीच आहे.

मी लिहायला शिकवलं त्यांना. मार्चपासून अंगणवाडीत संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग घेते, त्यात त्या येऊन बसायला लागल्या. सत्काराच्या दिवशी मंचावर सगळ्यांनी वहीत सह्या केल्या, त्यांचाच एकटीचा अंगठा, ते त्यांना लागलं होतं. "नितीनला सांगू नको. दिवाळीला आला की त्याच्या म्होरं करून दावीन." म्हणून तुम्हाला कळवलं नाही. बाकीच्या बायका आडनाव सोपं म्हणून लवकर सुटल्या. आपलं चक्रनारायण! त्या 'क्र'नं त्यांना रडवलं. पाटी फेकून द्यायच्या, आणि बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून परत उचलून आणायच्या.

आणि जुलैत ती दोन माणसं आली.

पांढऱ्या गाडीतून आली, शांत, सभ्य. एक पुण्याकडचे होते, मराठी छान बोलत होते. तुमच्या खात्यातून आलोय म्हणाले. तुम्ही पोलिसात लागलात तेव्हा असंच कुणीतरी घरदार विचारायला आलं होतं, आठवतं? आईंना वाटलं तेच. तुम्हाला बढती द्यायची म्हणून आलेत. मी चहा टाकायला आत गेले, तोवर आईंनी भिंतीवरची फ्रेम काढून साहेबांच्या हातात दिली होती. त्यांना काही विचारावं लागलं नाही, भाऊजी. आई आपणहून सांगत होत्या. "ही बनुबाई. तिनं पैसं दिलं. ह्यो घेत न्हवता, मीच म्हनले घे. मोठ्या मानसाचा मान राखनारं लेकरू हाय माजं."

"किती दिले, आजी?"

"त्यात काय मोजायचं? दिलं, ह्यानं खिशात घातलं. लई जीव हाय लोकांचा त्याच्यावर."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बाहेर आले, म्हटलं आई, चहा घ्या आधी, साहेबांनाही द्या, ती नोट नुसती दहाची होती. पुण्याचे साहेब म्हणाले, "ताई, त्यांना बोलू द्या. तुमचं नंतर घेऊ." माझं त्यांनी घेतलंच नाही. जबाब लिहून वाचून दाखवला. त्यात 'रोख रक्कम' होतं, 'स्वीकारली' होतं. आई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. "व्हय, आगदी बरूबर."

मग त्यांनी पॅड पुढे केलं. आईंनी पेन मागितलं.

आता जे लिहिते ते दादांनाही सांगितलेलं नाही. मला सगळं कळलं होतं. या कागदानं तुमचं काय होणार ते दिसत होतं. आणि तरी आई पदर सावरून, जीभ दातात धरून लिहायला लागल्या तेव्हा मी ते विसरले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते, 'क्र' बरोबर येतोय का. आला. एकदम बरोबर आला. मला इतका आनंद झाला की मी हसले. त्यांच्या आयुष्यातली कागदावरची ती पहिली सही. साहेबही म्हणाले, "वा, आजी!" ते मनापासून म्हणाले, खोटं नाही.

तेव्हाच तुम्हाला लिहायला हवं होतं. वाटलं, म्हाताऱ्या बाईचं बोलणं कोण धरून बसतंय. तुम्ही लोकांचे जबाब घेता, तुम्हाला माहीत असणार कोण धरून बसतं ते. मला माहीत नव्हतं.

दादांचं म्हणणं, आईला सगळं खरं सांग आणि अंगठा घे. सांगितलं तर त्या देतील. एक नाही, दहा देतील. कुठल्याही साहेबासमोर उभ्या राहून 'मला आडानीला काय येतंय' म्हणतील. म्हणूनच माझ्यानं सांगवत नाही. बढतीसाठी म्हणून पोराची जी थोरवी सांगितली त्यानंच त्याला बुडवलं, हे त्यांना कळेल. आणि कष्टानं मिळवलेलं एवढंसं काही, तेही येत नाही म्हणून खोटं सांगावं लागेल. ज्यानं कधी कुणाचा चहा फुकट घेतला नाही त्याला वाचवायला आपण आईकडून खोटं प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं.

आणि नाही केलं, तुम्ही नुसतंच सही बनावट म्हणून लिहून दिलंत, तर ते परत येतील. आईंच्या हातात पेन देतील. त्या आनंदानं सही करतील. मग तुम्ही पैसे घेणारे आणि वर खोटं बोलणारेही ठराल.

मी किती वेळ बसून बघतेय, तिसरी वाट दिसत नाही. तुम्हाला दिसली तर लिहा. तुम्ही कायदा शिकलात, मी बाराखडी शिकवते. माझ्या शिकवण्यानं असं होईल हे कुणी सांगितलं असतं तरी मी शिकवलंच असतं का, हे मी स्वतःला विचारते, आणि उत्तर आलं की भीती वाटते.

अंगठा हवा असेल तर एका कार्डावर 'सांग' एवढंच लिहा. मी सांगेन. तुमच्यावर राग धरणार नाही. काहीच आलं नाही तर स्टॅम्पपेपर मी चुलीत घालेन आणि दादांशी काय ते बघून घेईन.

आई समोरच बसल्यात. "एवढं काय लिवतीस?" म्हणाल्या. मी म्हटलं, भाऊजींना खुशाली. तर म्हणतात, "मग दिवाळीपत्तोर कशाला थांबायचं? खाली मी बी सई करते. बगून खूस हुईल." नाही कसं म्हणू? जागा सोडली आहे. जबाबाची प्रत तुमच्याजवळ असेल, पण तिच्याशी ताडून बघू नका. नुसती बघा.

तुमची वहिनी,
सीमा

चांगुणाबाई चक्रनारायण